तबकडीची मागची बाजू

बारावीची परीक्षा संपली त्या उन्हाळ्यातली गोष्ट. शहापुरातल्या एका मैत्रिणीकडे माळा झाडायचे काम निघाले होते. मदतीला म्हणून मी गेले. खरी ओढ होती ती तिच्या आईच्या हातच्या पन्ह्याची. माळ्यावरून एक पत्र्याची ट्रंक खाली आली. तीत तिच्या काकांच्या रेकॉर्डी. काकांनी काही वर्षे मुंबईत नोकरी केली होती, तेव्हा जमवलेल्या. नाट्यगीते होती, पुरंदरदासांची पदे होती, हिंदी सिनेमाची गाणी होती आणि तळाशी लहान ताटलीएवढी एक इंग्रजी रेकॉर्ड. वर लिहिलेले, 'द बीटल्स'. काकांचा प्लेअर अजून चालतो हे एक आश्चर्यच. आम्ही ती लावली. 'लेडी मॅडोना'. पियानोच्या ठेक्यावर धावत सुटणारे गाणे. सव्वादोन मिनिटांत संपले.

आज्जी पडवीत बसून जोंधळे निवडत होत्या. गाणे त्यांना आवडले की नाही ते कळले नाही, पण नातीला म्हणाल्या, "इन्नोंद बाजू हच्चवा." रेकॉर्डला दोन बाजू असतात, पैसे दोन्ही बाजूंचे मोजलेले असतात, एकच बाजू ऐकून ती पाकिटात घालणे त्यांच्या हिशेबात बसत नव्हते. मैत्रिणीने रेकॉर्ड उलटली, सुई ठेवली आणि प्लेअरमधून सरोद, बासरी, पखवाज आणि सनईसारखा एक टिपेचा सूर असे सगळे एकदम बाहेर पडले. रेकॉर्ड तीच, बँडही तोच. आज्जींचा सुपातला हात थांबला. "इद याव देवर हाडवा?" हे कुठल्या देवाचे गाणे?

आम्ही दोघी पोट धरून हसलो. पुढे काही वर्षांनी त्या गाण्याबद्दल वाचले, तेव्हा आपण उगाच हसलो असे वाटले. आज्जींचा प्रश्न बराच नेमका होता. त्या गाण्याकडे मी येणारच आहे. पण आधी ही मागची बाजू म्हणजे काय प्रकरण होते ते सांगायला हवे. मोबाइलवर गाणी ऐकणाऱ्या आजच्या मुलांना 'बाजू' हा शब्दच समजावून सांगावा लागतो.

मिनिटाला ४५ फेरे घेणारी सात इंची रेकॉर्ड, तिला 'सिंगल' म्हणत. एका बाजूला एक गाणे, साधारण तीन मिनिटांचे. ज्या गाण्यावर कंपनीची भिस्त असे ते पुढच्या बाजूला, म्हणजे 'ए साईड'ला. रेडिओवर वाजायचे ते हेच, खपाच्या यादीत नाव यायचे ते बहुधा याचेच. पण तबकडीला मागची बाजू असते आणि ती कोरी सोडता येत नाही. तेव्हा तिथे दुसरे काहीतरी घालायचे. ही 'बी साईड'. लग्नाच्या पंगतीत नवरदेवाशेजारच्या पाटावर कुणाला तरी बसवावे लागते, तसे. बसणाऱ्याची दखल कोण घेतो? पण जेवण मात्र दोघांना सारखेच वाढले जाते. रेकॉर्ड विकली जायची ती अख्खी. पुढचीच बाजू द्या असे दुकानदाराला सांगता येत नसे. त्यामुळे मागच्या गाण्याच्या गीतकार-संगीतकारालाही पुढच्याइतकीच रॉयल्टी मिळे. हा मुद्दा लक्षात ठेवा, पुढे कामाला येईल.

आपल्याकडच्या जुन्या घरांना ही दोन बाजूंची सवय ७८ फेऱ्यांच्या लाखेच्या रेकॉर्डींपासूनची. आणि एक गोष्ट इथल्या अनेकांना ठाऊक नसेल: खुद्द बीटल्सची काही गाणी भारतात याच ७८ फेऱ्यांच्या तबकड्यांवर निघाली. इंग्लंडमध्ये हा प्रकार तोवर इतिहासजमा झाला होता. आपल्याकडे मात्र चावीचे ग्रामोफोन अजून घरोघर होते, त्यामुळे १९६०च्या दशकाच्या मध्यापर्यंत हे चालले. आज परदेशातले संग्राहक या भारतीय तबकड्यांसाठी भरपूर पैसे मोजतात. कुणाच्या माळ्यावर असेल तर भंगारवाल्याला देण्याआधी नाव वाचा, इतकेच सुचवते.

बीटल्सच्या इंग्लंडमध्ये १९६२ ते १९७० या काळात २२ सिंगल्स निघाल्या. त्यांपैकी चार तबकड्यांवर दोन्ही गाण्यांना पुढची बाजू असाच मान होता. उरल्या १८. म्हणजे १८ गाणी अशी, की ती जगभर विकली गेली, लाखो घरांत पोचली आणि तरी मागेच राहिली. त्यातून एपस्टाईन आणि मार्टिन, म्हणजे बँडचा व्यवस्थापक आणि त्यांचा संगीत निर्माता, यांचे एक सचोटीचे धोरण होते. सिंगलवर दिलेले गाणे शक्यतो मोठ्या रेकॉर्डवर पुन्हा घालायचे नाही. गिऱ्हाइकाला एकाच मालाचे दोनदा पैसे भरायला लावायचे नाहीत. धोरण चांगले, पण त्याचा फटका मागच्या बाजूंना बसला. पुढची गाणी निवडक गाण्यांच्या संग्रहांतून पुन्हापुन्हा आली, मागची बरीचशी त्या छोट्या तबकडीबरोबरच झिजली.

सुरुवातीच्या काळातले 'धिस बॉय' घ्या. १९६३ सालच्या नोव्हेंबरात 'आय वाँट टू होल्ड युअर हँड'च्या मागे आलेले. पुढच्या गाण्याने बीटल्सना अमेरिका मिळवून दिली, त्यामुळे मागे कोण बसले होते ते पाहायला कुणाला सवड? या गाण्यात लेनन, मॅकार्टनी आणि हॅरिसन तिघे एकाच वेळी तीन वेगवेगळ्या सुरांवर गातात आणि तिन्ही सूर एकमेकांत दुधात साखर विरघळावी तसे मिसळतात. धारवाड-बेळगावच्या हवेत वाढलेल्या आपल्या कानाला एका वेळी एकच सूर धरायची सवय. गवयाच्या मागे तंबोरा असतो, पेटी असते, पण गाणे एका धाग्याचे. तीन धाग्यांचे गाणे कसे असते हे मला या दोन मिनिटांत प्रथम कळले. मध्येच लेननचा आवाज एकटाच वर चढतो. तो भाग ऐकताना हा मुलगा तेव्हा जेमतेम तेवीस वर्षांचा होता यावर विश्वास बसत नाही.

याच जातीचे 'यस इट इज' हे गाणे १९६५मध्ये 'टिकट टू राईड'च्या मागे आले. लेनननेच पुढे त्याला नावे ठेवली. 'धिस बॉय' पुन्हा लिहायचा हा फसलेला प्रयत्न, असे त्याचे म्हणणे. कलावंताचे स्वतःबद्दलचे मत नेहमी मानलेच पाहिजे असे नाही. पायाने दाबायच्या पेडलने गिटारचा आवाज हळूच फुगवत नेण्याची हॅरिसनची करामत या गाण्यात आहे. तार छेडल्याचा आघात ऐकूच येत नाही, नुसता हुंदका येतो. मला हे 'धिस बॉय'पेक्षा अधिक आवडते. असो.

त्याच वर्षातला एक दिवस मात्र सांगितल्याशिवाय पुढे जाववत नाही. १४ जून १९६५. त्या दिवशी मॅकार्टनीने स्टुडिओत एक गाणे घसा फाटेस्तोवर ओरडून म्हटले. लिटल रिचर्ड या अमेरिकी गायकाच्या धर्तीवरचे 'आय'म डाऊन'. जेवणाच्या सुट्टीनंतर तोच माणूस, तोच घसा घेऊन परत आला आणि एकट्या गिटारवर त्याने 'येस्टरडे' ध्वनिमुद्रित केले. जगात सर्वाधिक वेळा पुन्हा गायल्या गेलेल्या गाण्यांत ज्याचे नाव घेतात तेच हे 'येस्टरडे'. सकाळी उघड्यावर भारूड आणि संध्याकाळी देवघरात भूपाळी म्हटल्यासारखे. यातले 'आय'म डाऊन' गेले 'हेल्प!'च्या मागच्या बाजूला. पण बीटल्सनी त्याला टाकले नाही. ऑगस्ट १९६५मध्ये न्यूयॉर्कच्या शे स्टेडियमवर पंचावन्न हजारांवर श्रोत्यांपुढे कार्यक्रमाची सांगता त्यांनी याच गाण्याने केली. लेनन ऑर्गनवर चक्क कोपराने सूर काढत होता आणि हॅरिसनला हसू आवरत नव्हते. चित्रफीत उपलब्ध आहे, जरूर पाहा.

आता 'रेन'. जून १९६६, 'पेपरबॅक रायटर'ची मागची बाजू. माझ्या मते मागच्या बाजू या प्रकाराचा हा मेरुमणी. पावसाची कुरकुर करणाऱ्या आणि पाऊस आला की आडोशाला पळणाऱ्या माणसांची टर उडवणारे गाणे. जूनपासून छत्री वाळू न देणाऱ्या आपल्या बेळगावकराला त्यातली थट्टा लगेच पटावी. पण खरी मजा आहे ती आवाजात. वाद्यवृंद त्यांनी आधी जलद लयीत वाजवून घेतला आणि मग टेप हळू फिरवली. टेप हळू फिरली की लय तर उतरतेच, पण सूरही खाली जातो, आणि ढोल, गिटार सगळ्यांना एक जडपणा येतो. भिजलेली चादर पिळायला घ्यावी आणि ती हाताला लागावी, तसे ते संगीत कानाला लागते. लेननचा आवाज मात्र उलट युक्तीने, टेपचा वेग बदलून, थोडा वर चढवलेला. रिंगो स्टारचे ड्रमवादन तर असे, की आपण आयुष्यात वाजवलेले हे सर्वांत उत्तम, असे तो स्वतः सांगत आला आहे. आणि शेवटी लेननच्या गायनाचा एक तुकडा उलटा वाजतो, शेवटाकडून सुरुवातीकडे. ही कल्पना कुणाची? लेनन सांगे, रात्री टेप घरी नेली, झोपेच्या तारेत ती उलटी बसवली आणि ऐकून थक्क झालो. जॉर्ज मार्टिन म्हणत, छे, ती टेप मीच उलटी करून त्याला ऐकवली होती. दोघेही आता नाहीत. भांडण तसेच राहिले आहे.

या गाण्यात एकच सूर खाली धरून ठेवून त्यावर आवाज लांबवत, हेलकावे देत नेण्याची जी पद्धत आहे तिच्यात पुष्कळांना आपल्याकडच्या संगीताची सावली दिसते. मलाही दिसते. एप्रिल १९६६मध्ये हे ध्वनिमुद्रण चालू होते, त्याच दिवसांत 'रिव्हॉल्व्हर' या मोठ्या रेकॉर्डसाठी हॅरिसनचे सतार-तबल्यावरचे 'लव्ह यू टू' होत होते. त्या रेकॉर्डच्या वेष्टनावर तबलावादक म्हणून छापलेले नाव वाचून आपल्याकडचा माणूस दचकतोच: अनिल भागवत.

मागच्या बाजूला असे प्रयोग का झाले असतील? मला वाटते, तिथे कुणाचे लक्ष नव्हते म्हणून. पुढच्या बाजूचे गाणे पडले तर कंपनीचे नुकसान. मागच्या बाजूकडून कुणाची अपेक्षाच नाही. घरातल्या थोरल्यावर सगळ्यांची नजर आणि धाकटा अंगणात मोकळा, तसला प्रकार. पण धाकट्याला आपण धाकटे आहोत हे सलतेही.

ते सलणे पुढे दिसू लागले. १९६७च्या नोव्हेंबरात लेननने 'आय अ‍ॅम द वॉलरस' हे अफाट गाणे आणले. तंतुवाद्ये, चित्रविचित्र शब्द, शेवटी रेडिओवरून थेट पकडलेला शेक्सपिअरच्या 'किंग लिअर'चा तुकडा, सगळे एकात एक. पुढची बाजू मिळाली मात्र मॅकार्टनीच्या सोप्या, गोड 'हॅलो, गुडबाय'ला. लेननला ते शेवटपर्यंत खुपत राहिले. पुढल्याच वर्षी 'रेव्होल्यूशन'ची तीच गत. गिटारच्या तारा थेट ध्वनिमुद्रणाच्या यंत्राला जोडून, यंत्राला झेपणार नाही इतका आवाज त्यात कोंबून त्यांनी तो करवतीसारखा आवाज काढला होता. पण पुढे उभे होते सात मिनिटांचे 'हे ज्यूड'. त्याच्यापुढे काय टिकणार? इथे मी लेननच्या बाजूची नाही. मत मतदारांचेच बरोबर होते.

लेनन निदान भांडू तरी शकत होता. हॅरिसनचे काय?

जॉर्ज हॅरिसन चौघांत सर्वांत लहान. गाणी लिहिणारी जोडी लेनन-मॅकार्टनी, तो गिटारवादक. तोही लिहू लागला, पण मोठ्या रेकॉर्डवर त्याच्या वाट्याला एखाद-दुसरे गाणे येई. १९६७च्या 'सार्जंट पेपर'वर तर एकच. गाण्यांचे हक्क सांभाळणाऱ्या 'नॉर्दर्न साँग्स' या कंपनीचे समभाग १९६५मध्ये बाजारात आले, तेव्हा लेनन आणि मॅकार्टनी यांच्याकडे प्रत्येकी १५ टक्के राहिले, हॅरिसनकडे एक टक्काही नाही. आणि सिंगल? १९६८ साल उजाडेपर्यंत हॅरिसनच्या गाण्याला सिंगलची पुढची सोडाच, मागची बाजूही मिळाली नव्हती. मघाशी सांगितलेला रॉयल्टीचा हिशेब आता आठवा. सोळा सिंगल्स झाल्या, बत्तीस बाजू झाल्या. त्यांत हॅरिसनची एकही नाही.

१९६८च्या जानेवारीत हा चोवीस वर्षांचा मुलगा मुंबईला आला. 'वंडरवॉल' नावाच्या इंग्रजी चित्रपटाला संगीत द्यायचे काम त्याने घेतले होते आणि त्यातला भारतीय भाग त्याला भारतातच वाजवून घ्यायचा होता. फोर्टमधला एचएमव्हीचा स्टुडिओ. लंडनच्या मानाने साधने अगदी जुजबी. हॅरिसननेच पुढे सांगितले आहे की तिथे बाहेरचा आवाज अडवायची सोय नव्हती; खालून टॅक्सी गेली की ऐकू यायची, आणि संध्याकाळी साडेपाचला कचेऱ्या सुटल्या की जिन्यावर पावलांचा असा काही गडगडाट व्हायचा की ध्वनिमुद्रण थांबवावे लागायचे. चर्चगेट गाठायच्या घाईतल्या कारकुनांना आपण कुणाचे काम थांबवतो आहोत याची काय कल्पना!

या सत्रांतल्या वादकांची नावे 'वंडरवॉल म्युझिक'च्या रेकॉर्डवर छापली आहेत. सरोदला आशिष खाँ, तबल्या-पखवाजाला महापुरुष मिश्र, संतूरला शिवकुमार शर्मा. आणि त्याच यादीत सूरबहारला चंद्रशेखर नारिंग्रेकर, बासरीला केंकरे. नारिंग्रेकर, केंकरे! सावंतवाडी-गोव्याकडच्या लग्नपत्रिकेत शोभावीत अशी आडनावे एका बीटलच्या रेकॉर्डवर.

चित्रपटाचे काम आटोपत आले, तेव्हा १२ जानेवारीला हॅरिसनने एक जादा चाल वाजवून घेतली. हीच 'द इनर लाईट'. तिच्या शब्दांची हकिकत आणखी लांबची. केंब्रिजला हुआन मास्कारो नावाचे संस्कृतचे अध्यापक होते, मूळ स्पेनच्या मायोर्का बेटावरचे. भगवद्गीता आणि उपनिषदे यांचे त्यांचे इंग्रजी अनुवाद आजही पेपरबॅकमध्ये मिळतात. दूरचित्रवाणीवरच्या एका चर्चेच्या निमित्ताने १९६७मध्ये त्यांची आणि हॅरिसनची गाठ पडली. त्यांनी जगभरच्या धर्मग्रंथांतले वेचे असलेले आपले एक पुस्तक त्याला पाठवले आणि सुचवले, चीनच्या लाओत्सेच्या 'ताओ ते चिंग'मधला अमुक भाग तुम्ही स्वरबद्ध का करत नाही? तो भाग आहे तो दाराबाहेर पाऊल न टाकता जग जाणण्याबद्दलचा. संतांचे अभंग आणि शरणांची वचने कानावर घेऊन वाढलेल्या आपल्याला हा विचार शेजारघरचाच वाटेल. चिनी ग्रंथ, स्पेनमधून आलेला संस्कृतचा पंडित, लिव्हरपूलचा गायक आणि मुंबईचे वादक. कुठेही जाण्याची गरज नाही असे सांगणाऱ्या गाण्याने केवढा हा प्रवास केला!

फेब्रुवारीत लंडनला गायनाचा भाग झाला. हॅरिसनचा धीर होईना. आवाज त्या पट्टीला पोचेल की नाही याची त्याला धास्ती. इतरांनी पाठीवर हात ठेवला, गा रे, होईल, म्हणून. शेवटच्या ओळीपाशी लेनन आणि मॅकार्टनी हलकेच आवाज मिसळतात, तेवढाच त्यांचा भाग. मॅकार्टनीने तेव्हा लोकांना सांगितले होते की भारतीय वाद्ये क्षणभर विसरा आणि नुसती चाल ऐका, किती सुंदर आहे. त्याच दिवसांत लेननचे 'अक्रॉस द युनिव्हर्स' होत होते. ते या तबकडीवर यावे असाही विचार होता, पण लेननला ध्वनिमुद्रण मनासारखे वाटेना. शेवटी 'लेडी मॅडोना'च्या पाठीवर 'द इनर लाईट' गेले. १५ मार्च १९६८. हॅरिसनला सिंगलची पहिली बाजू मिळाली, ती मागची. तबकडी बाजारात आली तेव्हा तो ऋषीकेशला होता.

मात्र त्या तबकडीवर नाव होते फक्त 'द बीटल्स' आणि रचनाकार म्हणून हॅरिसनचे. मुंबईच्या वादकांपैकी एकाचेही नाही. सिंगलवर वादकांची नावे छापायची रीतच नव्हती, हे खरे. पण गाणे ऐकताना गळा सोडला तर उरलेले सगळे त्यांचे आहे, हेही तितकेच खरे.

त्याच फेब्रुवारीतला आणखी एक किस्सा. ११ तारखेला 'लेडी मॅडोना'च्या जाहिरातीसाठी चौघांचे स्टुडिओत चित्रण करायचे ठरले. नुसती वाजवायची नक्कल कशाला करायची, म्हणून त्यांनी कॅमेऱ्यापुढे एक नवेच गाणे करून टाकले, 'हे बुलडॉग'. लोक कित्येक वर्षे 'लेडी मॅडोना'ची ती चित्रफीत पाहत राहिले, हात दिसत होते ते मात्र दुसरेच गाणे वाजवताना. १९९९मध्ये ती चित्रे मूळ गाण्याला जोडून दाखवण्यात आली. 'हे बुलडॉग'ला कुठल्याच सिंगलची बाजू मिळाली नव्हती, पण पियानोचा तो गुरगुरणारा तुकडा एकदा ऐकला की डोक्यातून जात नाही.

पुढची दोन वर्षे बँडची वाटण्या होण्याच्या आधीच्या एकत्र कुटुंबासारखी गेली. एप्रिल १९६९मध्ये 'गेट बॅक'च्या मागे लेननचे 'डोन्ट लेट मी डाऊन' आले. ३० जानेवारी १९६९ला लंडनमधल्या आपल्या कचेरीच्या गच्चीवर, कडाक्याच्या थंडीत, त्यांनी हे दोनदा वाजवले. त्यातल्या पहिल्या खेपेला लेनन ऐन गाण्यात शब्द विसरला आणि तोंडाला येईल ते अगम्य बरळत पुढे गेला. गडी थांबला नाही, हे महत्त्वाचे. इतके कळवळून गायलेले गाणे १९७०च्या 'लेट इट बी' या मोठ्या रेकॉर्डमधून मात्र वगळले गेले. का, ते मला कधीच समजलेले नाही. २००३च्या सुधारित आवृत्तीत ते परत आले आणि पीटर जॅक्सनच्या २०२१च्या लांबलचक माहितीपटामुळे ते आता नव्या मुलांनाही माहीत झाले आहे.

आणि अगदी शेवटची मागची बाजू, मार्च १९७०, 'लेट इट बी'च्या पाठीवर. पुढे प्रार्थनेसारखे गंभीर गाणे आणि मागे 'यू नो माय नेम' हे चक्क प्रहसन! टेलिफोन डिरेक्टरीवरच्या वाक्यावरून सुचलेले, एकच ओळ वेगवेगळ्या सोंगांत, हॉटेलातल्या गायकाच्या, म्हाताऱ्याच्या, पुटपुटणाऱ्याच्या आवाजांत म्हणत राहणारे. संगीत नाटकातल्या विनोदी प्रवेशात नट पदरचे घालून वेळ मारून नेतात, तसे. यातले सॅक्सोफोन वाजवले आहे रोलिंग स्टोन्सच्या ब्रायन जोन्सने, १९६७च्या जूनमध्ये. गाणे तीन वर्षे तसेच पडून राहिले. बाहेर आले तेव्हा जोन्सला जाऊन आठ महिने झाले होते. मॅकार्टनीला पुढे विचारले, तर बीटल्सच्या गाण्यांत बहुधा हेच आपले सर्वांत आवडते, असे त्याने सांगितले. ते करताना फार मजा आली म्हणून.

हॅरिसनला दुसरी बाजू मे १९६९मध्ये मिळाली, 'ओल्ड ब्राऊन शू', पुन्हा मागचीच. मग त्या वर्षीच्या ऑक्टोबरात 'समथिंग'. ती पुढची. तोवर बँडचे तुटायचे ठरून गेले होते.

मार्च १९८८मध्ये 'पास्ट मास्टर्स' या नावाने दोन भागांत ही विखुरलेली गाणी एकत्र आली आणि मागच्या बाजूंची शोधाशोध एकदाची संपली. हॅरिसन २९ नोव्हेंबर २००१ रोजी गेला. बरोबर एका वर्षाने लंडनच्या रॉयल अल्बर्ट हॉलमध्ये मित्रांनी त्याच्यासाठी जी मैफल केली, तीत जेफ लिन यांनी 'द इनर लाईट' गायले; सतारीवर होत्या अनुष्का शंकर.

२०१४मध्ये 'वंडरवॉल म्युझिक' नव्याने निघाली, तेव्हा तीत त्या मुंबईच्या दिवसाची आणखी एक फेरी घातली गेली. गायन नाही, नुसती वाद्ये. शहापुरातल्या त्या मैत्रिणीला मी ती मोबाइलवर पाठवली. ती आता हुबळीला असते. आज्जी जाऊन पुष्कळ वर्षे झाली, ट्रंकही घर विकताना कुठेशी गेली. तिने दोनदा ऐकले, मग फोन केला. यावेळी तिने देवाचे नाव विचारले नाही. "पखवाज यारदु?" म्हणाली.

मी नाव सांगितले. तिने ते लिहून घेतले.